ख्रिस्ती संदेशाचे निष्ठापूर्ण निवेदन : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात काही आव्हाने

प्रस्तावना

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. 1842 मध्ये याच नगरातून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. शाळा, दवाखाने, मुद्रण आणि प्रवचन या मार्गांनी ख्रिस्ती संदेश गावोगाव पोहोचला. परंतु संदेश पोहोचणे आणि तो जसा आहे तसा समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात भाषा, अभिव्यक्तीचे रूप आणि प्रसारकाचे आचरण या तीन अंगांनी या प्रश्नाचा विचार केला आहे.

भाषेचे आव्हान

धार्मिक शब्द कधीही कोरे नसतात. त्यांच्यामागे शतकांचे संस्कार उभे असतात. ‘अवतार’ म्हटले की मराठी श्रोत्याला विष्णूचे दशावतार आठवतात, तर ख्रिस्ती मतानुसार देवाचे देहधारण एकदाच झाले. ‘तारण’ हा शब्द ख्रिस्ती मंडळीत मुक्ती या अर्थाने रूढ झाला, पण शेतकऱ्याच्या कानी तो सावकाराकडील गहाणाची आठवण घेऊन येतो. ‘नवा जन्म’ ही कल्पना तर आणखी अवघड आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटू पाहणाऱ्याला पुन्हा जन्म मिळणार असे सांगितले, तर ते आश्वासन न वाटता शिक्षाच वाटण्याचा संभव असतो.

यावर दोन उपाय दिसतात. प्रचलित शब्द स्वीकारून त्याला नवा अर्थ देणे हा एक, आणि तो शब्द टाळणे हा दुसरा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रियांना कळेल अशी सोपी मराठी योजण्याचा आणि हिंदू धर्मकल्पनांनी भारलेले संस्कृत शब्द वगळण्याचा त्यांचा प्रयत्न होता. पहिल्या उपायात अर्थ निसटण्याचा, तर दुसऱ्यात भाषा परकी वाटण्याचा धोका असतो.

रूपाचे आव्हान

पाश्चात्त्य चालींवरील गीते मराठी कानाला परकी होती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाच्या परंपरागत पद्धतीने ख्रिस्तचरित्र सांगण्यास आरंभ केला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग, ओवी आणि भजन यांतून ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. तुकारामांच्या भक्तीतूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपूर्ण राहिले. ते लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.

मात्र रूप ओळखीचे असले की श्रोता रसास्वाद घेऊन तेथेच थांबू शकतो. दुसरा प्रश्न सामाजिक आहे. जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आले होते. ज्या वतनदारी व्यवस्थेत त्यांना अपमान सोसावा लागला, तिच्या धार्मिक भाषेतच नवा संदेश ऐकताना तो कितपत नवा वाटावा? तथापि भक्तिपरंपरा केवळ वरिष्ठ जातींची नव्हती. चोखामेळा तिच्यातच होते. म्हणून हा प्रश्न एका वाक्यात निकालात निघत नाही.

प्रसारकाच्या आचरणाचे आव्हान

1876–78 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत मिशनने मदतकार्य केले. भुकेल्याला अन्न देणे हा ख्रिस्ती शिकवणुकीचाच भाग होय. परंतु अन्न देणारा हातच उपदेशही करू लागला की श्रद्धा आणि गरज यांतील रेषा पुसट होते. ‘पोटासाठी बाटले’ हा आरोप अनेक प्रामाणिक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागला. धर्मांतरानंतरही मंडळीत जातिभेद टिकून राहिले, ही बाब तर संदेशाच्या समतेलाच छेद देणारी होती.

या संदर्भात टिळक दांपत्याचे उदाहरण बोलके आहे. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला; लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधल्या काळातील ताटातूट, सोवळेओवळे आणि मनाची हळूहळू होत गेलेली तयारी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये निःसंकोचपणे सांगितली आहे. पत्नीलाही विश्वास देता येत नाही. तिला तो स्वतःच शोधावा लागतो, हेच त्यातून दिसते. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. पगारी उपदेशकाच्या शब्दावर पडणारी शंकेची छाया त्यागाने दूर करण्याचा तो प्रयत्न म्हणता येईल.

निष्कर्ष

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 25 ने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसार म्हणजे आपल्या धर्मतत्त्वांचे विवेचन, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे स्पष्ट केले. नगर जिल्ह्याचा अनुभवही निराळ्या वाटेने याच मुद्द्याजवळ येतो. शब्द सुधारता येतात, चाली बदलता येतात. पण ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसेल, तर अचूक शब्दांत सांगितलेला संदेशही विपरीत होतो. संदेशाशी निष्ठा आणि श्रोत्याचा आदर या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून एकमेकींवर अवलंबून आहेत.