किक मारून सुरू होणारी जीप



पावसाळ्यात परसवाड्याकडच्या कच्च्या वाटेवर गाडी रुतली की सर्वांना जीप आठवते. पण ती महाग. मग स्वस्तात घरीच बनवता येईल का?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव) येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६०,००० रुपयांत जीपसारखी गाडी बनवली. ती किक मारून सुरू होत असे! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी त्यांचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, हेही स्पष्ट सांगितले. तिच्या बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना नवी बोलेरो मिळाली.

नियम उगीच नाहीत. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग तपासलेले असावे लागते. नोंदणी झालेल्या गाडीतही मनाप्रमाणे मोठे बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते.

शिवाय चिखलात नुसती इंजिनची ताकद कामी येत नाही. गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच, वजन किती, टायरची पकड कशी, हे आधी पाहावे. हौसेने मोठी चाके लावली तर एका फेऱ्यात जास्त अंतर कापले जाते. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि ब्रेकवर ताण वाढतो.

खरा स्वस्त उपाय हवेचा आहे. टायरमधली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि कमी रुततो. डांबरी रस्ता लागताच मात्र ती पुन्हा भरावी, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणून डिकीत पंप हवाच. पायाने मारायचाही चालतो, घाम मात्र निघतो.