कामरेज चोकडीवर इंडोनेशिया

जानेवारी २०२६मधला रविवार, संध्याकाळचे सहा. सुरतेजवळ कामरेज चोकडीला एका शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर तीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत आणि समोरच्या भिंतीवर इंडोनेशियाचा नकाशा पडला आहे. भिंत ट्यूबलाइटने उजळलेली, त्यामुळे सुमात्रा फिकट दिसतं आणि पापुआ तर दिसतच नाही. ट्रॅव्हलवाला मुलगा उठून एक ट्यूब बंद करतो. मग बेटं वर येतात.

"सतरा हजारांच्या वर बेटं, एक देश," तो गुजराती-हिंदीत सांगतो. "आपल्याला त्यातल्या एकावर जायचंय." लेझरचा लाल ठिपका जावाच्या पूर्वेला एका चिमुकल्या आकारावर थांबतो. बाली.

बसलेली मंडळी बहुतेक सौराष्ट्रातून येऊन इथे स्थिरावलेली हिऱ्याच्या धंद्यातली कुटुंबं. माझ्या शेजारी आप्पा आणि काकू. मूळचे धुळे जिल्ह्यातले, आयुष्य सुरतेतल्या दिंडोलीत गेलं, आता मुलाने पासोदऱ्याला फ्लॅट घेतला म्हणून इकडचे झाले. आप्पांनी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलर चालवला. मुलाने हट्टाने दोघांची नावं सहलीत घातली आहेत. काकूंच्या हातात वही आहे, पण अजून तिच्यात काही उतरलेलं नाही.

पुढची स्लाइड येते आणि खोलीत कौतुकाची लाट उठते. नोटेवर गणपती! वीस हजार रुपियाची नोट, एका बाजूला त्यांचे शिक्षणतज्ज्ञ की हजर देवांतारा, शेजारी गजानन. "मुस्लिम देश, पण नोटेवर आपले बाप्पा," मुलगा म्हणतो, आणि चार जण लगेच भिंतीचा फोटो काढतात. ही नोट १९९८ची आणि २००८ अखेर चलनातून गेलेली. तिथे गेल्यावर ती कुणाच्या हातात पडणार नाही. पण मी गप्प बसतो. इथे कुणालाच नोट मोडायची नाही, ओळखीचं कुणीतरी दिसल्याचा आनंद हवा आहे.

मग पैशांचा हिशेब. व्हिसा विमानतळावरच मिळतो, पाच लाख.

"पाच लाख?" काकूंची वही मिटते.

"रुपिया, काकी. आपले तीन हजारसुद्धा नाहीत. वर बालीचा प्रवासी कर दीड लाख, म्हणजे आठशेच्या आसपास." पहिल्या रांगेतला एक हिऱ्यावाला मोबाईल न काढता तोंडी हिशेब करून मोकळा होतो, "एटले पंचावन हजारमां करोडपती!" सगळे हसतात. पुढची पाच मिनिटं कुणाचंच लक्ष समुद्रकिनाऱ्यांकडे नसतं. जो तो आपापल्या बँक खात्याला एकशे ऐंशीने गुणत असतो.

जेवणाच्या प्रश्नांना अंत नाही. जैन मिळेल का, कांदा-लसूण वेगळं ठेवतात का, थेपले किती किलो नेता येतात. बालीत डुकराचं मांस सर्रास चालतं हे मुलगा फार हळू आवाजात आणि फार भरभर सांगतो. काकू मला कोपराने ढोसतात, "तठे बट्टी मिळस का, इचारा ना." मी विचारत नाही. गुजराती स्वयंपाकी सोबत आहे, एवढं ऐकून त्या शांत होतात.

खरी गंमत तारखेवर येते. मुलाच्या आधीच्या मेसेजमध्ये मार्चचा तिसरा आठवडा होता. आता तो माफी मागून सांगतो की १९ मार्चला 'न्येपी' आहे. त्या दिवशी बाली बंद. दुकानं बंद, रस्ते बंद, दिवे बंद, देनपसारचा विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, गावचे राखणदार गस्त घालतात. आदल्या संध्याकाळी राक्षसांचे अवाढव्य पुतळे मिरवतात, आणि मग दुसऱ्या पहाटेपासून सगळं बेट मौनात.

"पण १९ला तर पाडवा," काकू मोठ्याने म्हणतात.

मुलगा बघत राहतो. गुजरातचं नवं वर्ष दिवाळीनंतरचं, त्याला मार्चमधल्या पाडव्याचं काही घेणंदेणं नाही. पण काकूंचं बरोबर आहे. न्येपी हा बालीच्या शक संवत्सराचा पहिला दिवस, आणि यंदा तिथेही शके १९४८च लागतंय. आपल्या पंचांगाच्या मुखपृष्ठावर असतो तोच आकडा. दोन्हीकडच्या गणिताची रीत वेगळी, म्हणून दिवस नेहमी जुळत नाहीत. २०२५ला एका दिवसाचा फरक होता, २०२४ला जवळपास महिन्याचा. यंदा नेमका एकच दिवस. आपण गुढी उभारून श्रीखंड खाणार, ते चूल न पेटवता बसणार. मी हे काकूंना सांगतो. त्या क्षणभर विचार करून विचारतात, "मग त्यांच्यातही सासूला त्या दिवशी आराम?" आणि वहीत पहिली ओळ लिहितात.

"त्याच्या मागोमाग तिथे ईदची गर्दी," मुलगा ओझरतं सांगतो. "म्हणून आपण एप्रिल ठेवलाय."

ईदची गर्दी! सुमारे अठ्ठावीस कोटींचा तो देश, दहातले जवळजवळ नऊ मुसलमान, आणि ईदला शहरं ओस पडावीत इतकी माणसं गावाकडे निघतात. हिंदूंचं बहुमत असलेलं बाली त्यात चाळीस-पंचेचाळीस लाखांचं. समोरच्या साठ स्लाइडमध्ये उरलेला देश एवढ्या अर्ध्या वाक्यात उरकला जातो. देवळं, भातखाचरं, माकडं, पुन्हा देवळं. मला हे खटकतं. मुलाने खोटं काहीच सांगितलेलं नाही. पण हे सगळं सुरतेजवळ बसून सांगितलं जातंय, आणि सुरतेची त्या बेटांशी जुनी ओळख देवळांमुळे झालेली नाही.

दुपारी इथे येण्याआधी मी तापीकाठच्या जुन्या कामरेज गावात फिरून आलो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतलं कम्मोनी ते हेच असावं असं काही अभ्यासक मानतात. २००३मध्ये पुरातत्त्वज्ञ सुनील गुप्ता यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा पश्चिम आशियाकडून आलेल्या रांजणांच्या खापऱ्या निघाल्या. तो व्यापार मावळतीकडचा. उगवतीकडची बेटं शोधायची तर याच नदीने खाली रांदेरला जावं लागतं. तिथला नूरुद्दीन रानिरी हा विद्वान १६३७मध्ये सुमात्राच्या टोकाला आचेच्या सुलतानाच्या दरबारी पोचला, मलय भाषेत 'बुस्तानुस्सलातीन' हा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला, विरोधकांशी कडाकडा भांडला, त्यांची पुस्तकं जाळायला लावली, आणि १६४४मध्ये परत आला. त्याच्या नावातलं रानिरी म्हणजे रांदेरचा. इंडोनेशियात शाळेतल्या मुलांना हे नाव माहीत असतं. या खोलीत मला धरून एकाने तरी ते घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आणि कापड. बांदा बेटांवर जायफळ, मोलुक्काच्या बेटांवर लवंग, आणि ते विकणाऱ्यांना चांदीपेक्षा हवं होतं हिंदुस्थानी कापड. म्हणून डच कंपनीने १६१६मध्ये सुरतेत वखार घातली. मसाला तिथून, कापड इथून. गुजराती छापील कापडं सुलावेसीच्या तोराजा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पवित्र वस्त्र म्हणून जपली, पाटणच्या पटोळ्यांचे नमुने जावाच्या दरबारात मानाला चढले. शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये सुरत लुटली तेव्हा ज्याची कोठी फोडली तो वीरजी व्होरा मिरी आणि लवंगेतलाच बडा व्यापारी होता. पाडव्याच्या श्रीखंडात आपण किसतो ते जायफळ एके काळी जगात फक्त त्या बांदा बेटांवर उगवत होतं, आणि ते एकट्याच्या मुठीत राहावं म्हणून डचांनी १६२१मध्ये तिथली बहुतेक वस्ती मारली किंवा हाकलली. स्लाइडवर हे कुठून येणार? सहल विकायची आहे.

मध्यंतरात सगळे खाली उतरतात. दुकानात फाफडा, गाठिया, शेजारच्या गाडीवर पोंक. आपला हुरडाच, पण इथे तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. कढईमागे पामतेलाचे डबे रचलेले. मी तळणाऱ्याला विचारतो, हे तेल कुठलं? तो डब्याकडे न बघता म्हणतो, "इंडोनेशिया, मलेशिया, जे सस्तू होय ते." २०२२च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली होती, जेमतेम साडेतीन आठवडे. त्याला तारीख आठवत नाही, पण ते दिवस पक्के आठवतात, कारण त्या दिवसांत त्याने गाठियाचा भाव वाढवला तो पुन्हा उतरवलाच नाही. हे तो हसत सांगतो.

आप्पा इतका वेळ काही बोललेले नाहीत. वर जाताना जिन्यात थांबून ते म्हणतात, "इंडोनेशिया मला माहीत आहे."

मी वळतो.

"कोळसा. मिलला तिकडूनच यायचा. जहाज मगदल्ल्याला लागायचं, तिथून ट्रक. हातात घेतला की ओला लागतो. पाणी फार, त्यामुळे ताव कमी, आणि ढीग करून ठेवला तर आपोआप धुमसायला लागतो. रात्रपाळीला ढिगावर लक्ष ठेवावं लागायचं. पण राख कमी. आपल्या देशी कोळशाने राख काढून काढून कंबर मोडायची. तो आला आणि राखेचं काम निम्म्यावर आलं." एवढं बोलून त्यांना दम लागतो. मग पुढे, "साड्यांना वाफ त्याचीच. सुरतेची साडी नेसणाऱ्या बाईला काय माहीत?"

मघापासून भिंतीवर चाललेल्या साठ स्लाइडपेक्षा ही ओळख मला जास्त पक्की वाटते. तिच्यात वास आहे, वजन आहे, रात्रपाळी आहे.

दुसऱ्या भागात विमा, सिमकार्ड, पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत. जकार्ता राजधानी आहे, पण नवी राजधानी नुसांतारा बोर्निओवर बांधताहेत, हे मुलगा सांगतो तेव्हा लाल ठिपका पहिल्यांदाच त्या मोठ्या बेटावर जातो. शेवटी तो विचारतो, कुणाला काही प्रश्न? हात वर होतात. बाथरूममध्ये जेट असतो का? वॉटर स्पोर्ट्स पॅकेजमध्ये आहेत का? वय सत्तरच्या वर असेल तर विम्याचे किती?

आप्पा उभे राहतात. हिंदीत, नीट शब्द जुळवत विचारतात, "वो कोयला जहाँ से निकलता है, वो दिखाएंगे क्या?"

खोलीत हशा पिकतो. मुलगा मात्र हसत नाही, चांगला मुलगा आहे. तो मागे जाऊन नकाशाची स्लाइड पुन्हा लावतो, नुसांताराच्या आसपास ठिपका फिरवतो. "काका, खाणी इकडे, कालिमंतानला. नदीतून बार्ज भरून येतात. बालीहून वेगळं विमान करावं लागेल."

"किती?"

मुलगा मोबाईलवर शोधायला लागतो. काकू आप्पांचा शर्ट ओढतात. "बसा खाली. पॅकेजमध्ये नाही ते."