नाना: एक तैलरंगातले, एक शब्दांतले

पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलात की बुधवार पेठेतला नानावाडा हाकेच्या अंतरावर असतो. खाली दगडी तळमजला, वर दिवाणखान्यात सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब. या वाड्याच्या धन्याची, नाना फडणवीसांची, दोन चित्रं पाहावीत आणि चक्रावून जावं!

पहिलं जेम्स वेल्सचं. हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या ओळखीने पेशवे दरबारात पोचला. सवाई माधवराव आणि नाना यांचं त्याने केलेलं तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून उजेडाची कड सावलीत हवी तशी विरवता येते आणि सपाट कापडावर गालाला गोलाई येते. आपल्या लघुचित्रांतल्या बाजूने रेखलेल्या चेहऱ्यांना सरावलेल्या पुणेकरांना ही जादूच वाटली असणार. पण वेल्सची जादू खर्ची पडली ती दरबारी रुबाबावर. पन्नाशीचे नाना आपल्याला काहीही कळू देत नाहीत.

दुसरं चित्र नानांनी स्वतःच काढलं, शब्दांत. त्यांचं छोटेखानी आत्मचरित्र. त्यात तरुण वयात वासनेने कसं घेरलं, याची कबुली आहे. आणि पानिपत आहे: एकोणिसावं वर्ष चालू असलेला हा मुलगा ओळखू येऊ नये म्हणून अंगावरचे कपडे टाकतो, लंगोटीवर पळतो, उंच गवतात दडून राहतो. मराठी राज्याचा सूत्रधार स्वतःला असा उघडा उभा करतो!

रंगांत असं स्वतःला उभं करणारा, म्हणजे आत्मचित्र रंगवणारा, आरशात बघतो, त्यामुळे उजवा हात डावा होतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६६५ च्या सुमाराच्या एका आत्मचित्राची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा कळलं, की हात त्याने आधी आरशातल्यासारखे उलटे काढले होते, मग बदलले. शेवटी ते हात नुसत्या फटकाऱ्यांवर सोडले. सगळा जीव ओतला तो थकल्या चेहऱ्यात. आत्मचित्राचा भाव ओळखायची ही नामी खूण: चित्रकार कुठे घाई करतो आणि कुठे रेंगाळतो ते पाहावं. नाना रेंगाळतात ते स्वतःच्या फजितीपाशी.

वेल्सला ही पानिपतची हकीकत ठाऊक असती तर त्याने नानांचे डोळे वेगळे रंगवले असते? मला नाही वाटत. त्याच्यासमोर कारभारी बसला होता, गवतातला मुलगा नव्हे.