बाई विसरते तेव्हा हसू नका

वर्षावासात मिरजेतल्या एका बुद्धविहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचणाऱ्या ताई अठरा वर्षे हे काम करीत आहेत. वस्तीतल्या कितीतरी बायांना सही करायला त्यांनीच शिकवली. त्या दिवशी एका ओळीपाशी त्या थांबल्या. तीच ओळ पुन्हा वाचली, अर्थ सांगण्यासाठी मान वर केली आणि शब्दच सापडेना. रोजच्या तोंडातला शब्द! मागून एक कार्यकर्ता म्हणाला, ‘‘ताई, वय झालं आता, पुस्तक सूनबाईंकडे द्या.’’ सगळे हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पुढचे दोन रविवार ताई विहारात फिरकल्या नाहीत. त्यांचे वय एकोणपन्नास.

घरी जाऊन बसलो तेव्हा खरे कळले. रात्री तीन-तीनदा अंगातून वाफा निघतात, घामाने अंथरूण भिजते, झोप म्हणून नाही. पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. गॅसवर दूध ठेवले की विसरते, बचत गटाचा हिशेब दोनदा चुकला. नवरा म्हणतो डोके फिरले. जाऊबाई म्हणते, बाहेरचे काहीतरी आहे, देवरुषाला दाखवू. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आणि तिच्याखाली ही भाषा!

आणि हे कुठे? तर मिरजेत. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथे मिशनचे रुग्णालय उभे केले, १९६२ पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्नाटकातून माणसे रेल्वेने इलाजाला मिरजेत येतात. आमची बाई मात्र त्याच मिरजेतून देवरुषाकडे जाते. कारण पाळी जाणे हा आजार नाही, म्हणून त्याबद्दल बोलायचे नाही, असा आपल्याकडचा अलिखित कायदा.

भगिनींनो, डोक्यात धुके दाटल्यासारखे हे जे होते त्याला शरीराचे कारण आहे. बीजकोशातून निघणारे इस्ट्रोजेन केवळ पाळीसाठी नसते. मेंदूच्या ज्या भागात नवी आठवण साठते तिथेही त्याचे काम असते. पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षे हे इस्ट्रोजेन एकदम खाली येत नाही, ते वरखाली हेलकावे खाते. त्यात रात्रीच्या वाफांनी झोप मोडते, आणि न झोपलेला मेंदू कोणाचाही असो, तो अडखळतोच. नेमका शब्द न आठवणे, खोलीत आलो कशाला हे विसरणे, ऐकलेले मनात न राहणे, ही त्याची लक्षणे. आपल्या देशात पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी जाते, म्हणजे चाळिशी ओलांडताच हे सुरू होऊ शकते.

अमेरिकेत १९९६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘स्वान’ या अभ्यासात तीन हजारांवर बायांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. संक्रमणाच्या काळात नवे शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी पुरती गेल्यावर तो परत येतो, असे त्यातून २००९ साली मांडले गेले. म्हणजे बहुतेकींचे हे धुके हटते. बुद्धी गेलेली नसते. पण मधल्या तीन-चार वर्षांत ज्या बाईला हसून घरी बसवले, ती पुन्हा विहाराच्या पायरीवर येते का? बाईला अक्कल कमी हे मनुवाद्यांनी हजारो वर्षे सांगितले. आपण तेच विनोदाने सांगायचे का?

चळवळीला बाईच्या शरीराबद्दल बोलण्याची लाज कधी नव्हती. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तो बाबासाहेबांच्या पक्षाकडून. ते स्वतः हजर नव्हते, त्यांचे म्हणणे पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे याच विषयावर भर सभेत बोलल्या. ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आज आम्हाला मंडपात ‘पाळी’ हा शब्द उच्चारताना आवाज खाली घ्यावा लागतो, ही प्रगती म्हणायची काय?

याहून गंभीर गोष्ट आपल्या उसाच्या पट्ट्यातली. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या कारखान्यांवर बीडहून तोडणीला येणाऱ्या भगिनींपैकी किती जणींच्या गर्भाच्या पिशव्या काढल्या गेल्या, हे २०१९ साली शासनाच्या समितीने तपासले. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक तिशी-पस्तिशीतल्या. पाळीची कटकट नको, खाडा नको, म्हणून! पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर जे हळूहळू व्हायचे ते एका रात्रीत होते, आणि इतक्या तरुणपणी झाले तर पुढे स्मरणशक्तीला धोका वाढतो असे संशोधन सांगते. अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोनची औषधे द्यावीत असे वैद्यकशास्त्र म्हणते. कोयता हातात घेतलेल्या बाईला हे सांगायला कोण गेले? पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय अंगठा देऊ नका, आणि बीजकोश ठेवणार की काढणार हे आधी विचारा.

बाकीच्यांनी काय करायचे? आधी रक्त तपासावे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि रक्त कमी असले, थायरॉईड बिघडले, बी-१२ घटले तरी डोके असेच जड होते. त्यावर साधे औषध असते. त्याला वयाचे नाव देऊन बसणे म्हणजे मूर्खपणा. वाफांचा त्रास फार असेल तर हार्मोनची औषधे मिळतात, पण ती केवळ विसरण्यासाठी नव्हेत, आणि स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठीचा इतिहास असलेल्यांना सहसा देत नाहीत. हे डॉक्टरने ठरवायचे, शेजारणीने नाही. झोपताना मिश्री लावू नये, तंबाखूने झोप उडते. किल्लीला एकच खिळा, एका वेळी एकच काम. आमच्या आज्या पदराला गाठ मारून ठेवत, ती युक्ती आजही चालते. लिहिता येत असेल त्यांनी वही ठेवावी. आणि घरातल्या पुरुषांनी रात्री न झोपलेल्या बाईला पहाटे चहासाठी उठवू नये, एवढे तरी जमावे.

किल्ली कुठे ठेवली हे विसरणे वेगळे, किल्ली कशासाठी असते हे विसरणे वेगळे. ओळखीच्या गल्लीत वाट चुकत असेल, पैसे मोजता येत नसतील, विसरणे महिन्यामहिन्याला वाढत असेल तर थांबू नका.

ताईंना आम्ही शासकीय रुग्णालयात घेऊन गेलो. हिमोग्लोबिन आठ निघाले. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, वाफांवरचा उपचारही सुरू आहे. वाचन पुन्हा त्यांच्याकडेच आहे, शेजारी एक मुलगी ओळीवर बोट ठेवून बसते. ज्यांना जायचे असेल त्यांनी सोबत कोणाला तरी घ्यावे आणि काय काय होते ते घरीच कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरसमोर बसले की नेमके तेच आठवत नाही.