बॉल क्ले : गुणधर्म व उपयोग

शेतकरी मातीची पारख पिकावरून करतो, कारखानदार भट्टीवरून. शेतीच्या दृष्टीनें निरुपयोगी अशी माती कारखान्यांत मोलाची ठरूं शकते. 'बॉल क्ले' ही त्यांपैकींच होय. तिची माहिती आमच्या शेतकरी बंधूंस व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहों.

इंग्लंडांतील डेव्हन व डॉर्सेट या प्रांतांत ही माती चौकोनी ढेकळांत कापून काढीत. वाहतुकींत कोपरे झिजून गोळे होत, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. आपल्या देशांत राजस्थानांतील बिकानेर जिल्हा तिजसाठीं प्रसिद्ध आहे. खडक कुजून झालेली माती प्राचीन काळीं प्रवाहांनीं वाहून आणून संथ पाण्याच्या तळाशीं बसविली. जाड कण मागेंच राहिल्यानें ही फार बारीक असते. वनस्पतींच्या अवशेषांमुळें ती कच्ची असतां करडी किंवा काळीही दिसते. पण भट्टींत ते जळून जातात व लोह अल्प असल्यानें भांडें पांढुरकें निघतें. आपली काळी जमीनही चिकट खरी. परंतु तिचें खनिज निराळें. ती पाण्यानें फुगते, वाळतांना भेगाळते आणि भाजल्यावर तांबूस होते.

चिनी माती शुभ्र, पण चिकटपणांत कमी; बॉल क्ले चिकट व वाळल्यावर मजबूत, पण वाळतांना फार आटते. म्हणून दोहोंचा मेळ घालून त्यांत गारेचें पीठ व फेल्डस्पार मिसळतात. त्यापासून शौचालयाचीं भांडीं, पेले-बशा, भिंतींच्या फरशा व विजेच्या तारांचे इन्सुलेटर होतात. रबरांतही ती भर म्हणून घालतात.

एका उपयोगाविषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. अमेरिकेंत १९९६ सालीं कोंबडीच्या मांसाच्या कांहीं नमुन्यांत डायॉक्सिन हें विष अधिक आढळलें. शोधाअंतीं त्याचें मूळ मिसिसिपी राज्यांतील बॉल क्लेंत निघालें. सोयाबीनच्या पेंडीच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून ती पेंडींत घालीत. १९९७ सालीं तेथील सरकारनें हा वापर थांबविला. तेव्हां पशुखाद्यांत कोणती माती मिसळली आहे हें विचारल्याखेरीज तें घेऊं नये.

कोणाच्या शेतांत अशी माती लागलीच, तर तिची वडी करून वाळवावी व कुंभाराच्या भट्टींत भाजवून घ्यावी. लाल झाली तर आशा सोडावी. पांढुरकी निघाल्यास प्रयोगशाळेंत नमुना पाठवावा. परंतु व्यापाऱ्याचा विसार घेण्याची घाई करूं नये. २०१५ सालीं केंद्र सरकारनें बॉल क्ले गौण खनिजांत घातली. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ अन्वयें खनिजावरील हक्क सामान्यतः राज्य सरकारचा असतो. सात-बारावर नांव असणें निराळें व खणण्याची परवानगी असणें निराळें. परवानगी मिळाल्यावरही वरची सुपीक माती बाजूस रचून ठेवण्याची व काम संपतांच खड्डा भरून ती पुन्हां पसरण्याची अट करारांत लिहून घ्यावी. पैसा एकदांच हातीं येतो; जमीन मुलाबाळांस कसावयाची असते.