वाशांची टोके आणि पन्हळीचे पाणी

भिलाई म्हटले की भट्ट्यांचा लालभडक प्रकाश डोळ्यांपुढे उभा राहतो. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी पेटली आणि भिलाईचे नाव देशभर पोचले. परंतु या पोलादनगरीच्या आसपासच्या गावांत आणि शेजारच्या दुर्ग शहरात जुनी कौलारू घरेही आहेत. त्यांची छपरे पोलादावर नव्हे, तर लाकडी वाशांवर तोललेली असतात. या भागात सरई, म्हणजे साल, हे लाकूड त्यासाठी पूर्वापार वापरले जाते.

आपले घर असे असेल, तर एकदा वळचणीखाली उभे राहून वर पाहा. वाशाचे टोक काळवंडले आहे काय? त्यात चाकूचे पाते सहज रुतते काय? पन्हळ मध्येच झुकली आहे काय? तसे असेल, तर सारे छप्पर उतरवण्याचा सल्ला कोणी देईल. तो मानण्यापूर्वी थोडा विचार करा. कारण पुष्कळदा केवळ टोकेच कुजलेली असतात, आत भिंतीवरचा वासा मात्र ठणठणीत असतो.

असे का व्हावे? वाशाच्या कापलेल्या टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात व त्या पाणी शोषून घेतात. पन्हळीत पालापाचोळा साचला की पाणी मागे फुगून टोकांवर येते. लाकूड सतत ओले राहिले की बुरशी वाढते. ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेल, तर ती वाढू शकत नाही. लाकूड मऊ झाले की पन्हळीचे आकडे सैल होतात, पन्हळ आणखी झुकते आणि पाणी अधिकच तुंबते. म्हणून दुरुस्तीचा आरंभ पन्हळीपासून करावा. नाहीतर नवे लाकूडही जुन्याच्या वाटेने जाईल.

काम अनुभवी सुताराकडून करवून घ्यावे. प्रथम वाशाला खालून टेकू द्यावा. कुजलेला भाग दिसतो त्याच्या पलीकडे आणखी वीतभर कापावा, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मग जुन्या वाशाला लगटून नवा तुकडा बोल्टांनी आवळावा. तो भिंतीबाहेर जितका येतो, त्याच्या निदान दुप्पट आत गेलेला असावा. बोल्ट आणि आकडे जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत. ओल्या लाकडात साधे लोखंड गंजते आणि भोवतालचे लाकूडही खराब करते.

लाकूड टिकवण्याच्या शास्त्रात आपल्या देशाचाही वाटा आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे संरक्षक मिश्रण शोधले आणि ते जगभर वापरले गेले. आर्सेनिक विषारी असल्याने घरगुती वापरासाठी आज अनेक देशांत त्यावर निर्बंध आहेत. घरासाठी बोरॉनचे क्षार अधिक निर्धोक. मात्र ते पावसाने धुऊन जातात, म्हणून टोकावर रंगाचे दोन-तीन हात द्यावेत.

शेवटी पन्हळीला उताराच्या तोंडाकडे किंचित ढाळ द्यावा. जूनच्या मध्यावर पाऊस येण्यापूर्वी घर शाकारताना कौलांबरोबर पन्हळही साफ करावी. त्या एका सकाळच्या श्रमाने वाडवडिलांचे छप्पर पुढच्या पिढीच्याही डोक्यावर राहील.