कोपऱ्यात कोण उभं होतं?

भाळवणी आमच्या विट्याजवळचं, खानापूर तालुक्यातलंच गाव. तिथले पैलवान चंद्रहार पाटील २००७ आणि २००८ असे लागोपाठ दोन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी त्या किताबांच्या दोन्ही गदा परत करणार असल्याचं जाहीर केलं. निमित्त अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचं. शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निकाल पंचांनी दिला, त्याला तो मान्य नव्हता आणि त्यानं पंचांना लाथ मारली. पुढं अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनं एका गुणावरून चिडून मॅट सोडली. पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. चंद्रहारांनी तेव्हा पंचांविषयी जे उद्गार काढले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. त्यांचं मूळ दुखणं मात्र सोळा वर्षं जुनं होतं. २००९ मध्ये तिसरी गदा समोर असताना पंचांनी आपल्यावर अन्याय केला, असं त्यांचं म्हणणं.

विट्यात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. आमची गलाई करणारी माणसं देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेली. सोनं-चांदी गाळायच्या भट्टीपुढं बसून ती मोबाइलवर कुस्ती बघतात आणि रात्री गावाकडं फोन करून पंचांचा उद्धार करतात. मला पैलवानापेक्षा या चिडलेल्या माणसाचं कुतूहल जास्त. आपला गडी हरला की तो नेमका कुणावर चिडतो, याची टिपणं मी बरीच वर्षं काढतो आहे. त्यातून एवढं दिसलं की पंच शिव्या खातो, संघटना खाते, कधी ‘नुरा कुस्ती होती, आधीच ठरवलेली’ म्हणून पैलवानही खातो. वस्तादाला कुणी बोट लावत नाही.

अमेरिकेत याच्या नेमकं उलटं आहे. तिथं कॉलेजांचं फुटबॉल (त्यांचं, हातानं खेळायचं) म्हणजे जत्राच. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतं, म्हणजे आख्खं विटं बसवून वर जागा उरेल. संघ हरला की तिथला चाहता आधी कोच बदला म्हणतो. १२ नोव्हेंबर २०२३ ला या विद्यापीठानं जिंबो फिशर या कोचला काढलं. आदल्याच दिवशी त्याचा संघ ५१-१० असा जिंकला होता! पण अपेक्षा त्याहून मोठ्या होत्या आणि आधीचे हंगाम लोक विसरले नव्हते. करार शिल्लक असल्यामुळं त्याला घरी बसवायची किंमत साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. हा वेडेपणाच आहे, मी त्याची भलामण करत नाही. पण जबाबदारी कुणाची, हे तरी त्यांना ठाऊक आहे.

‘पण आमच्याकडं कोल्हापूरचं फुटबॉल आहे की,’ असं कुणी म्हणेल. आहेच. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठा ओस पडतात. हंगामापुरते परदेशी खेळाडूही आणले जातात. पण ते पेठांचं फुटबॉल, कॉलेजचं नव्हे. आमच्या भागात कॉलेजच्या सामन्याला राखीव खेळाडू आणि त्यांची दप्तरं सांभाळणारे मित्र, एवढीच गर्दी. म्हणून कॉलेज, खेळाडू आणि कोच अशी तिन्ही पात्रं एकत्र शोधत मी मागं गेलो आणि विट्याहून कराडच्या रस्त्याला लागून गोळेश्वरला पोचलो. खाशाबा जाधवांच्या गावात.

हेलसिंकी, १९५२, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे सगळ्यांना पाठ आहे. मी अडकलो ते त्याच्या अलीकडं. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. अंगानं किरकोळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तर क्रीडाशिक्षकानं त्यांना उभंच करून घेतलं नाही. खाशाबा थेट प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकरांकडं गेले, त्यांनी परवानगी दिली आणि या पोरानं आपल्याहून दणकट गडी पाडले. खेळाडू ओळखण्याचं काम ज्याचं, त्याची नजर चुकली आणि ज्याचं नव्हे त्याची चुकली नाही. याच खर्डेकरांनी पुढं हेलसिंकीच्या खर्चासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

मधे १९४८ चं लंडन ऑलिंपिक येऊन गेलं. तिथं रीस गार्डनर या अमेरिकी कोचनं त्यांना मॅटवरची कुस्ती शिकवली. मातीत वाढलेला गडी सहावा आला.

मग मद्रासची निवड स्पर्धा. तिथं आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पंचाला लाथ मारली नाही. पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन, त्यांनी पुन्हा जोड लावली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं आणि हेलसिंकीचं तिकीट मिळवलं.

२३ जुलै १९५२. जपानच्या शोहाची इशीशी लढत पंधरा मिनिटं लांबली आणि ती खाशाबांनी एका गुणानं गमावली. घामही वाळला नव्हता तोवर सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावणं आलं. दोन लढतींमध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायची, असा नियम होता. पण तो सांगायचा कुणी? भारतीय संघाचा एकही पदाधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

ब्राँझचा आनंद सांगताना आपण ही रिकामी जागा झटकन ओलांडतो. मी तिथंच थांबतो, कारण मॅटवरच्या कुस्तीत कोपऱ्यातला माणूस निम्मी लढत लढतो. आता तर निर्णय पटला नाही की काही सेकंदांत ‘चॅलेंज’ टाकायचं कामही कोचचंच. ते फसलं तर समोरच्याला एक गुण आयता मिळतो. हे मॅटचं शास्त्र आहे आणि आपले कित्येक गडी ते न शिकता मातीतून थेट मॅटवर येतात. तोंड फोडायला मात्र पंच आहेच. पंच चुकतात, कधी जाणूनबुजूनही चुकत असतील. चंद्रहारांचं दुखणं मी खोटं ठरवत नाही. पण २०२३ च्या पुण्यातल्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या ‘बाहेरची टांग’ या डावाला दिलेल्या चार गुणांवरून सिकंदर शेखच्या चाहत्यांनी रान उठवलं, पंचांना धमकीचा फोन गेला, तेव्हाही मॅटवरच्या तयारीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सिकंदरनं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फुलगावला गदा जिंकून विषय संपवला, ते बरं झालं.

आता जत्रा येतील. हलगी वाजेल, गलाईवाले गावी येतील आणि पहिल्या नंबरच्या जोडीवर लाखांची इनामं लावतील. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. यंदा एका जोडीचं इनाम कमी लावा आणि त्या पैशांत तालुक्यातल्या पोरांसाठी मॅट जाणणारा एक कोच वर्षभर पगारावर ठेवा. पोरं हरली तर आधी त्याला जाब विचारा.